पाचवी लस

मस्कत, १४ सप्टेंबर २०२४

प्रिय आई,

फोनवर तू "बरं, बघू" म्हणतेस आणि विषय संपवतेस, म्हणून मेल करतेय. शांतपणे वाच आणि लिहूनच उत्तर दे.

डिसेंबरमध्ये तुला साठ पूर्ण होतात. मितेशने आणि मी ठरवलंय की आपण सगळे क्रूझवर जायचं. मोम्बासाला बोटीत बसायचं, मग झांझिबार, मादागास्कर आणि शेवटी मॉरिशस. आम्ही दोघं, निशांत, माझे सासू-सासरे आणि तू. बुकिंग हिरामणकडे दिलंय. हिरामण म्हणजे मितेशचा चुलतभाऊ, उलव्याला ट्रॅव्हल एजन्सी आहे ना, तोच. पैशांचं बोलायचं नाही. "नाही" तर अजिबात म्हणायचं नाही. बाबा गेल्यापासून कामोठ्याच्या त्या वन बीएचकेमधून तू कुठे गेलीयस सांग. एकदा आमच्याकडे मस्कतला आलीस, तर महिन्याचं तिकीट बदलून आठव्या दिवशी परत.

आता काम. लसी घ्यायच्या आहेत. टायफॉईड, हिपॅटायटिस ए, फ्लू आणि धनुर्वात या आपल्या कुठल्याही डॉक्टरकडे मिळतात. मलेरियाची लस नाही, गोळ्या आहेत, त्या निघायच्या आधी सुरू करू. पाचवी यलो फीव्हरची. ती सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच देतात, आधी नंबर लावावा लागतो. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवायचं. दिवाळीच्या आत सगळं उरकून टाक, मला टेन्शन नको.

तुझी,
ऋता


कामोठे, १९ सप्टेंबर २०२४

ऋता बाळा,

पत्र वाचून खूप बरं वाटलं. मितेशरावांनाही सांग. आईसाठी कोणी एवढं मनात आणतं, हेच मला खूप आहे. झांझिबार नकाशात शोधलं. शाळेच्या ऑफिसात असताना भूगोलाचे नकाशे मीच गुंडाळून ठेवायचे, पण त्यावर असं बोट ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

काल आपल्या डॉक्टरांकडे जाऊन फ्लूची आणि धनुर्वाताची घेतली. दंड थोडा सुजलाय. टायफॉईडची आणि हिपॅटायटिसची पुढच्या आठवड्यात.

एक विचारायचं होतं. यलो फीव्हरची घ्यायलाच लागते का? बोट जिथे थांबते तिथे मी उतरणार नाही. आतच बसेन, समुद्र बघेन. तुम्ही फिरून या. या वयात इतक्या लसी एकदम नकोत असं मला वाटतं. हिरामणना विचारून बघ.

निशांतला पापा.

आई


मस्कत, २४ सप्टेंबर २०२४

आई,

बोटीत बसून राहायला कोणी क्रूझला जातं का? आणि चढायचंच मोम्बासाला आहे. केनियात पाय ठेवला की भारतात परत येताना कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर विमानतळावरूनच उचलून वेगळं ठेवतात. बोटवालेही कार्डाशिवाय चढू देत नाहीत. ती चुकवता येणारच नाही.

मी सगळं वाचून काढलंय. अंड्याची ॲलर्जी असेल तर देत नाहीत. थायमस नावाची काही ग्रंथी असते, तिचा आजार असेल तर नाही. तुझ्या थायरॉईडचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळं. कॅन्सर, एचआयव्ही असल्या लोकांना देत नाहीत, कारण लस जिवंत असते. आपल्याला काय त्याचं. साठीच्या पुढे डॉक्टर जरा विचार करतात, म्हणूनच तुझा वाढदिवस यायच्या आत घे म्हणतेय.

माझ्या सासूबाईंनाही घ्यायचीच आहे. सखूआई सुईला घाबरतात. मी त्यांना सांगितलंय की माझी आई बरोबर येईल. पाच ऑक्टोबरचा दोघींचा नंबर हिरामणने लावलाय. सासरे गाडी घेऊन येतील.

ऋता


कामोठे, ६ ऑक्टोबर २०२४

ऋता बाळा,

काल तुझ्या सासूबाई सकाळीच आल्या. जरीकाठाची साडी, केसात अबोली, जशा काही लग्नाला निघाल्या आहेत. दारातूनच म्हणाल्या, "चला विहीनबाय, गारी खाली उभी हाय. मना एकटीला लय भ्या वाटतं. तुमी माजा हात धरा, मी तुमचा धरतंय." तुझे सासरे पंढरीराव खाली गाडीत हसत होते.

वाटेत त्या बोलतच होत्या. बोटीवर मासळी ताजी देतात का, निशांतला पाण्याची भीती वाटेल का, तुमची नि माझी खोली एकच घ्यायला सांगू या का. मी हो-हो म्हणत होते.

केंद्रावर आधी सखूताईंना आत बोलावलं. त्यांचा हात मी धरला होता. डोळे घट्ट मिटून "झालं?" विचारलं, तेव्हा खरंच झालं होतं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, काही आजार, काही औषधं? मी म्हटलं, मला अंड्याची ॲलर्जी आहे. ते म्हणाले, मग नाही देता येणार. इतकंच झालं.

सखूताई परतताना म्हणाल्या, "आता तुमी नाय येनार?"

बाळा, तुम्ही जाऊन या. मला खरंच वाईट वाटत नाही. बाकीच्या चारही लसी मी घेतल्या, म्हणजे तुला दिसेल की माझी इच्छा होती.

आई


मस्कत, ८ ऑक्टोबर २०२४

आई,

अंड्याची ॲलर्जी? मस्कतला आली होतीस तेव्हा रोज सकाळी निशांतबरोबर ऑम्लेट कोण खात होतं? तू इतकं सरळ खोटं बोलशील असं मला वाटलं नव्हतं, आणि तेही डॉक्टरसमोर, माझ्या सासूसमोर.

चार सुया टोचून घेतल्यास, मग पाचवीला काय झालं? मला कळलंय काय झालं. "तुमची नि माझी खोली एकच", तिथेच तुला नकोसं झालं.

तुला मितेशच्या घरचे कधीच आवडले नाहीत. माझ्या हळदीला तू अर्धा तास थांबलीस आणि डोकं दुखतं म्हणून निघून गेलीस. गेल्या नऊ वर्षांत त्यांच्या घरी एक रात्र राहिली नाहीस. दर गणपतीला सखूआई बोलावतात आणि दर गणपतीला तुला काहीतरी होतं. ते गावातले, आपण कंपनीत नोकरी करणारे, असं आहे का? बाबा असते तर असं वागले नसते. बाबा पंढरीमामांबरोबर खाडीवर गळ टाकून बसले असते, आणि मितेशला पहिल्या दिवशीच मिठी मारली असती.

तुझं नाव काढायला हिरामणला सांगू का? एका शब्दात कळव. आता तुझी कारणं वाचायची ताकद माझ्यात नाही.

ऋता


कामोठे, २१ ऑक्टोबर २०२४

ऋता,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि पुसलं. हे पत्र तू एकटी असताना वाच.

हिरामणना माझं नाव काढायला सांग. पण तू म्हणतेस त्या कारणासाठी नाही. सखूताईंसारखी विहीण मिळाली, हे माझं नशीब आहे. मितेशरावांबद्दल मनात कधी वाकडं आलं नाही. तू तसं समजून आयुष्यभर राहिलीस तर ते मला सोसणार नाही, म्हणून सांगते.

तू ज्यांना "असल्या लोकांना" म्हणालीस, त्यांतली मी एक आहे. मला एचआयव्ही आहे. मी ती लस घेऊ शकत नाही.

तुझ्या बाबांना टीबी झाला होता हे खोटं नाही. पण टीबी कशामुळे झाला, हे मी तुला सांगितलं नाही. ते दवाखान्यात असताना डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं. तू तेव्हा चौथीत होतीस. त्यांना कुठून झालं, कसं झालं, मला माहीत नाही. तळोज्याच्या कंपनीचा माल विकायला ते महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असायचे. मी विचारलं नाही. विचारून काय हातात आलं असतं?

तुला नववीत साताऱ्याला मामाकडे पाठवलं, तेव्हा तू माझ्याशी वर्षभर नीट बोलली नाहीस. त्या वर्षी मी अंथरुणात होते. टायफॉईड म्हणून सांगितलं होतं. नंतर सरकारी औषध मिळायला लागलं आणि मी उठले. मी खाते ती थायरॉईडची गोळी नाही. नवी मुंबईत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून औषध आणायला ठाण्याला जाते. तिथल्या डॉक्टरबाईंना मी या लसीचं विचारलं होतं, तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. त्या म्हणाल्या, "चारुलताताई, आता तुमची तब्येत छान आहे, पण साठीला आलात, आणि मधे फार खालावला होतात. मी ही जोखीम घेणार नाही. लस देता येत नाही असं पत्र देते, काही बोटवाले चालवून घेतात." पण त्या पत्रावर एचआयव्हीच्या औषधकेंद्राचं नाव असतं. ते हिरामणच्या ऑफिसात गेलं असतं, आणि तिथून गावात.

हळदीच्या दिवशी एक बाई दिसली. ती ठाण्याला औषधाच्या रांगेत असायची. ती तुझ्या सासरकडची कोणीतरी निघाली. ती मला बघून घाबरली, मी तिला बघून घाबरले, आणि मी निघून आले. मस्कतहून लवकर आले, कारण गोळ्यांची बाटली मी पर्सच्या तळाशी ठेवायचे, आणि आठव्या दिवशी निशांतने ती पर्स खेळायला घेतली.

मी तुझ्यापासून इतकं सगळं राखून जगले, की आता लिहिताना दुसऱ्याच कुणाचं लिहितेय असं वाटतं.

रागावलीस तरी चालेल. पण लिही.

आई


मस्कत, २ नोव्हेंबर २०२४

आई,

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. त्यानंतर अकरा दिवस मी घरात नेहमीसारखी वागतेय. काल लक्ष्मीपूजन केलं. फोटो पाठवले ते बघितलेच असशील.

मला काय लिहायचं ते कळत नाही. प्रश्न आहेत तेवढे विचारते.

माझी टेस्ट झाली होती का?

निशांत तुझ्या ताटात जेवलाय, तुझ्या कुशीत झोपलाय. त्याला काही होऊ शकतं का? मला माहीत आहे की नाही होऊ शकत. तरी तू लिही.

बाबांना माहीत होतं का? म्हणजे दवाखान्यात जायच्या आधी?

मितेशला मी सांगितलेलं नाही. सासरी सांगितलंय की तुझं बीपी वाढलंय आणि डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलंय. सखूआई विचारतील तेव्हा तेच सांग.

ऋता


कामोठे, ५ नोव्हेंबर २०२४

ऋता,

तुझी टेस्ट बाबा गेल्यावर लगेच केली. मलेरियाचं रक्त तपासायचंय म्हणून तुला नेलं होतं, आणि परत येताना तुला फ्रॉक घेतला. रिपोर्ट निगेटिव्ह होता. खात्री म्हणून काही महिन्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. तू अगदी ठीक आहेस.

निशांतला माझ्यामुळे काहीही होऊ शकत नाही. जेवण्याने, झोपण्याने, पापा घेण्याने हा आजार कुणालाच होत नाही. शिवाय औषधामुळे माझ्या रक्तात विषाणू आता तपासणीत सापडतसुद्धा नाही. तुला पाहिजे तर डॉक्टरबाईंशी बोल.

तिसरा प्रश्न तू विचारू नयेस असं मला वाटत होतं. पण आता काही लपवणार नाही.

हो. त्यांना आधी दोन वर्षं माहीत होतं. दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, "यांना तेव्हाच सांगितलं होतं बायकोला घेऊन या, तुम्ही आलाच नाहीत." मी वॉर्डात जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं, तू ऋताला घेऊन निघून जाशील." आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते आधी बोलले असते तर मी वाचले असते का, याचा विचार मी काही वर्षं केला. मग सोडून दिला. मी त्यांना माफ केलं की नाही, आजही सांगता येणार नाही. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडात पाणी मीच घालत होते, एवढं खरं.

तुझ्यावर मात्र त्यांनी जीव टाकला. तो खोटा नव्हता. तो तसाच ठेव.

सखूताईंना बीपीचं सांगेन.

आई


मस्कत, ११ जानेवारी २०२५

आई,

आम्ही जाऊन आलो. तुझ्या वाढदिवसाला बोटीवरून फोन लागला नाही असं मी नंतर मेसेजमध्ये म्हटलं होतं. खरं म्हणजे मी लावलाच नव्हता.

मोम्बासाला चढताना सगळे हातात पिवळी कार्डं धरून रांगेत उभे होते. सखूआई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "विहीनबाय अस्ती तं किती बरा झाला अस्ता." निशांतने डेकवर विचारलं, कामोठ्याच्या आजोबांना पोहता येत होतं का, त्यांची गोष्ट सांग. मला त्यांच्या कितीतरी गोष्टी येतात. एकही तोंडातून निघाली नाही. मी म्हटलं, विसरले. आई, मला बाबांचा राग येतो, आणि ते नाहीत म्हणून तो सगळा तुझ्यावर येतो. हे चूक आहे हे मला कळतं. तू एकतर मी वीस वर्षांची झाले तेव्हाच सांगायला हवं होतंस, नाहीतर कधीच नाही.

झांझिबारला मी मितेशला सांगितलं. न सांगता त्याच्याशेजारी झोपणं मला जमेना. तो वाईट माणूस नाही. त्याने माझा हात धरला, तुला किती सोसावं लागलं असेल असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने विचारलं, "निशांतला मे महिन्यात कामोठ्याला ठेवायचंच आहे का?" मी त्याला सगळं समजावलं, तू लिहिलंस ते सगळं. तो म्हणाला, मला कळतंय गं, डोक्याला कळतंय. पण एक वर्ष जाऊ दे.

मी भांडले. पण जेवढं भांडायला हवं होतं तेवढं नाही भांडले. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिते.

तर या मे महिन्यात निशांत येणार नाही. त्याला सांगते की आजीची तब्येत बरी नसते. तू व्हिडिओ कॉलवर तसंच म्हण. तो लहान आहे, त्याला चालेल.

ऋता


कामोठे, १८ जानेवारी २०२५

ऋता,

तू स्वतः लिहिलंस ते बरं केलंस. मितेशरावांवर रागावू नकोस. मला स्वतःलाही पहिली काही वर्षं तुला जवळ घेताना भीती वाटायची. डॉक्टर सांगायचे काही होत नाही, मला कळायचंही, आणि तरी मी तुझी वेणी घालून झाली की हात साबणाने धुवायचे. ती भीती कशी असते हे मला ठाऊक आहे. ती कधी जाते, हे त्यांचं त्यांनाच कळेल.

परवा सखूताई येऊन गेल्या. झांझिबारहून लवंगा आणल्यात माझ्यासाठी. "बीपी कसा हाय?" म्हणाल्या. मी म्हटलं, बरं आहे आता. तू सांगितलंस म्हणून म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांना काही कळलंय की काय, मला समजलं नाही. चहा घेतला आणि गेल्या. पूर्वी संध्याकाळपर्यंत बसायच्या.

बाबांबद्दल तुझ्या मनात जे झालंय ते मला ठाऊक होतं, म्हणूनच इतकी वर्षं गप्प होते. तू ज्यांच्यावर जीव लावलास ते बाबा तुझ्याजवळ राहावेत, मला दुसरं काही नको होतं. आता तेही राहिले नाहीत. मी पत्र पाठवलं त्या दिवशी हे होणार हे मला दिसत होतं. तरी पाठवलं, कारण नाहीतर मी तुझ्याजवळ राहिले नसते. आता वाटतं, मीही राहिले की नाही कोण जाणे.

पण निशांतला मी आजारी आहे असं म्हणणार नाही. मी आजारी नाही. सकाळी चालायला जाते, स्वतःचं स्वयंपाकपाणी करते, आणि या चार महिन्यांत साधा खोकलासुद्धा झालेला नाही. एक खोटं मी तेवीस वर्षं सांभाळलं, आता दुसरं माझ्याच्यानं होणार नाही. त्याला सांगायचं असेल तर खरं सांग, की आजीने बोलावलंय, पण आई-बाबांनी यंदा पाठवायचं नाही असं ठरवलंय. का, असं तो विचारेल. ते उत्तर तुम्ही द्या.

मी त्याला शनिवारी फोन करेन. तब्येतीचं विचारलं तर छान आहे म्हणेन.

मे महिन्यात मी घरीच आहे. कुठे जाणार नाही.

आई